म्हापशाच्या बाजारातले तोरिंजन

चतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारी कधी गोव्यात असाल, तर म्हापशाचा बाजार चुकवू नका. शुक्रवार हा तिथला बाजाराचा दिवस. चतुर्थी तोंडावर आली की माटोळीच्या सामानाने पाय ठेवायला जागा उरत नाही. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, तवशी, चिबूड, रानातली फळे, वेली असे सारे बांधतात.

आम्ही गेलो होतो तोरिंजनासाठी. आपण घाटावर ज्याला पपनस म्हणतो, तेच. एका आजीबाईंपुढे सात-आठ मांडलेली होती, नारळाएवढी. घेताना हातात तोलून जड तेवढेच घ्या. हलक्यात नुसती साल आणि कापूस निघतो. कापायची घाई नको, माटोळीला टांगलेले फळ विसर्जनापर्यंत सहज टिकते. खाताना फोडीवरचे कातडे मात्र काढा बरं का, कडूपणा त्यातच असतो.

त्यांच्याच टोपलीत एक खडबडीत, लांबट पिवळे फळ दिसले. महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते हेच. रस नावापुरता, साल बोटभर जाड. लोणचे घालायचे ते सालीचेच. शास्त्रज्ञांनी जनुके तपासून पाहिली, तेव्हा आपले कागदी लिंबू या महाळुंगाच्या वंशातले निघाले आणि मोसंबी पपनस व संत्रा यांच्या वंशातली. नातवंडांच्या बागा आपण एकरा-एकराने लावल्या आणि आजी-आजोबांना परसातून घालवले.

आमच्याही परसात तोरिंजन होते. फळे खाली पडून कुजायची, कोणी विचारत नसे. पडवी वाढवताना ते तोडले. आता दरवर्षी पैसे मोजतो.

"आजी, याची बी लावू का?" मी विचारले.

बियेचे झाड आईसारखे निघेलच असे नाही, गुटी बांधून घ्या, असे त्यांनी सांगितले. महाळुंगाची मात्र नुसती फांदी खोचली तरी जगते म्हणे. मग त्यांच्याच झाडावर गुटी बांधू द्याल का, असे विचारले. आता पाऊस सरत आला, पुढल्या मृगात या, म्हणाल्या. पैसे कनवटीला लावता लावता पुन्हा हाक मारली. मुलगा त्या झाडाच्या जागी खोली बांधायची म्हणतोय, तेव्हा उशीर करू नका.