‘एवढे पुरे’ म्हणणारी वाट

कॅलिफोर्नियातील नापा ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर दीड-दोन तासांचे; पण सागरकाठाने सावकाश गेल्यास ही वाट बरेच शिकवते.

नापाचे द्राक्षमळे मद्यासाठी प्रसिद्ध. मद्य वर्ज्य मानणाऱ्या प्रवाशानेही तेथील एक निर्णय ध्यानी घ्यावा. १९६८ साली, काही जमीनमालकांचा विरोध असतानाही, खोऱ्यातील शेतजमीन राखीव झाली. वीस एकरांहून लहान तुकडे पाडण्यास बंदी आली. पुढे पॉइंट रेजचा किनारा १९६२ च्या कायद्याने संरक्षित झाला. म्हणून तेथे बंगल्यांच्या रांगांऐवजी कुरणे दिसतात. सॅन फ्रान्सिस्कोने तर १९५९ साली दहांपैकी सात नियोजित महामार्ग नाकारले.

तिन्ही ठिकाणी हाताशी आलेला लाभ सोडावा लागला. परिग्रह-परिमाण व्यापारी कुटुंबांना नवे नाही. त्याचे फळ मात्र पुढील पिढ्या चाखतात.