हरमलहून उत्तरेला

गोव्यात उतरून भाड्याची गाडी घेतलेला मुंबईकर बहुतेक वेळा दक्षिणेकडे वळतो. कळंगुट, मग पणजी, फार तर पाळोळे. आम्ही हरमलला मुक्काम करतो आणि उत्तरेला जातो, तेरेखोलची खाडी ओलांडून पुन्हा महाराष्ट्रात. गोव्याला जाऊन शिरोडा-वेंगुर्ला कशाला बघायचं, असं शेजारी विचारतात. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे, कारण दिंडोशीत आमच्या आजूबाजूला सिंधुदुर्गातली घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी आपल्या गावाच्या दोन्ही अंगांचा किनारा पाहिलेला नाही.

माझंही तसंच होतं. आईचं माहेर शिरोड्याच्या बाजूला. लहानपणी मे महिन्यात एसटीने जायचो. घरी पोचलं की महिनाभर घर आणि विहीर, फार तर देवळापर्यंत फेरी, आणि परतीची एसटी. पाच-सात किलोमीटरवरचं रेडी मी पाहिलं ते चाळिशी उलटल्यावर, तेही गोव्यातून येऊन.

स्वतःची गाडी आम्ही घेतली नाही. सोसायटीत उभी करायला जागा नाही, आणि पनवेलपासून पुढे पाचशे किलोमीटर महामार्गावर गाडी हाकून थकलेल्या माणसाला गावातला अरुंद रस्ता नकोसा होतो. रेल्वेने जावं आणि गाडी तिथे घ्यावी, हे माझं ठाम मत आहे. पश्चिम उपनगरांतल्या माणसाला कोकणची गाडी पकडायला दादर किंवा ठाणं गाठावं लागे. 2024 च्या ऑगस्टमध्ये वांद्रे-मडगाव गाडी सुरू झाली, ती बोरिवलीला थांबते. आठवड्यातून दोनच दिवस असते आणि वसईमार्गे फिरून जाते, पण आईला सामानासकट दादरचा जिना चढावा लागत नाही, एवढ्यावर मी तिचे सगळे दोष माफ करतो. थिवीला उतरायचं आणि टॅक्सीने हरमल.

हरमल निवडलं मुलासाठी. हरमलपासून मांद्रे, आश्वेपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत सर्फिंग शिकवणारे बरेच झाले आहेत. तळ वाळूचा, लाटा पावसाळा सोडला तर नवशिक्याला झेपतील अशा. शिकवणी सकाळी लवकर असते, त्याला कारण आहे. सकाळी वारा पडलेला असतो आणि लाट एकसंध येते. दुपारकडे जमीन तापली की समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि पाणी चुरगळल्यासारखं होतं. मग फळीवाले बाहेर येतात आणि पतंग बांधून पाण्यावर धावणारे आत जातात. मुलाला आधी वाळूवर पालथं झोपवून एका झटक्यात उभं राहायला शिकवलं, मग कमरेएवढ्या पाण्यात. तो पहिल्यांदा उभा राहून किनाऱ्यापर्यंत आला तेव्हा आई वाळूत उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्या माहेरच्या मुलांना समुद्र म्हणजे मासेमारी आणि धाक. खेळायला पाण्यात कुणी सोडत नसे. नातवाला शिकवणारा मुलगा पेडण्याच्याच एका कोळी घरातला आहे, हे कळल्यावर तिने त्याची चौकशी थेट आजोळापर्यंत नेली.

सकाळ अशी संपली की अंघोळ, न्याहारी आणि गाडी. गाडी घेताना मी तीन गोष्टी पाहतो. पहिली पाटी. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि सगळा बोजा आपल्यावर येतो. दुसरी गोष्ट, गाडी राज्याबाहेर नेणार हे आधीच सांगायचं आणि त्याची कागदपत्रं आहेत का ते बघायचं. तिसरी, गाडीभोवती फिरून मोबाइलवर चित्रण करायचं, ओरखड्यांसकट, मालकाच्या समोर. यात अविश्वास नाही. दोघांचीही सोय आहे. आणि गाडी लहान घ्यावी. शिरोड्याच्या बाजारातून किंवा आरवलीच्या गडग्यांमधून मोठी गाडी काढणं म्हणजे समोरच्या प्रत्येकाला मागे जायला लावणं. पेट्रोल गोव्यात स्वस्त, म्हणून टाकी निघतानाच भरतो. दारूची बाटली मात्र गाडीत ठेवत नाही. सीमेवर उत्पादन शुल्कवाले तपासणी करतात.

हरमलहून केरी दहा-पंधरा मिनिटांवर. तिथे रस्ता खाडीत उतरतो आणि फेरीबोट येते. आईला हीच जागा सर्वांत आवडते. ती काच खाली करून बोटीवरच्या माणसाला विचारते, "कधी सुटतली रे झिला?" तो म्हणतो, "भरली काय सुटता, आये." तो गोव्याचा, ती सिंधुदुर्गाची, आणि दोघांनाही यात काही विशेष वाटत नाही.

पलीकडचं तेरेखोल गाव खाडीच्या उत्तरेला असूनही गोव्यात मोडतं. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षं सोडला नाही. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रही इथे घुसले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. नदीच्या मुखावर, इतक्या उघड्या जागी, समोर बंदुका असताना ते चालत आले. किल्ल्याच्या पायथ्याशी उभं राहून मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, ते कुठून आले. मी उत्तरेकडे बोट केलं. आपण आता जिकडे चाललो आहोत तिकडून.

चार वळणांनंतर महाराष्ट्र लागतो आणि रेडी येतं. रेवसहून निघणारा सागरी मार्ग इथे संपतो. रेवस म्हणजे मुंबईच्या समोरचा किनारा. अंतुल्यांच्या काळात मांडलेला हा मार्ग खाड्यांवरच्या अपुऱ्या पुलांमुळे अजून सलग झालेला नाही. तो पुरा व्हावा असं मला वाटतं, पण त्याच्या चौपदरीकरणाची भाषा ऐकली की माडांच्या मधून जाणारा हा रेडीचा रस्ता आठवतो आणि काळजी वाटते. रेडीचा गणपती 1976 मध्ये लोहखनिजाच्या खाणीत सापडला. देवळाच्या आसपास माती अजून लाल-काळी, खाणीची. यशवंतगडावर वडाची मुळं भिंतींना कवटाळून उभी आहेत. संध्याकाळच्या आत उतरावं.

शिरोडा आलं की आई पुढच्या सीटवर ताठ बसते. मिठागरं दिसतात. 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला, आणि त्याच काळात वि. स. खांडेकर इथल्या शाळेत मास्तर होते. 1920 ते 1938 अशी अठरा वर्षं त्यांनी या गावात काढली. आईच्या वडिलांनी त्यांना बाजारात येता-जाता पाहिलेलं होतं. घरात ती गोष्ट अजून सांगतात.

आरवली शिरोड्याला लागूनच. जयवंत दळवींचं गाव, आणि वेतोबाचं. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडणारे हातभर लांबीच्या चामडी वहाणा वाहतात. केळ्यांचे घडही. आईने माझ्या मुलाच्या आजारपणात बोललेला घड आम्ही याच गाडीने नेला, मागच्या सीटवर मुलाच्या मांडीवर. एसटीने आणि रिक्षाने तो कसा नेला असता, हा प्रश्न तिला वर्षभर पडला होता. देवळातून निघाल्यावर तिने एका घरासमोर गाडी थांबवायला सांगितली. तिथे तिची शाळेतली मैत्रीण राहते. आम्ही दुपारी जेवून वेंगुर्ल्याला जाणार होतो. जेवलो तिथेच, बांगड्याचं तिखलं आणि भात. वेंगुर्ला राहिलं.

भाड्याच्या गाडीचा खरा उपयोग मला या दिवशी कळला. नकाशावर हरमल ते वेंगुर्ला साधारण चाळीस किलोमीटर आहे. मालवणपर्यंत जाऊन रात्री परत, असा बेत पर्यटक करतात आणि दिवसभर काचेतून माड मोजतात. आमचा नियम आता ठरलेला आहे. एका दिवशी एकच गाव, फार तर दोन, आणि अंधाराच्या आत परत. या रस्त्यांवर दिवे नाहीत, गडग्याआडून गुरं येतात, कडेने शाळेची मुलं चालतात. गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेली भाड्याची गाडी इथे जोरात गेली तर लोक काही बोलत नाहीत, नुसते अंग चोरून उभे राहतात. ते मला सहन होत नाही. ज्यांच्या अंगणातून आपण जातो आहोत त्यांना आधी जाऊ द्यावं.

फेरी बंद असेल तर आरोंदा-किरणपाणीचा पूल आहे. वळसा पडतो, पण खाडीकाठचा रस्ता सुंदर आहे. पुढच्या वेळी वेंगुर्ला, आणि आईच्या मैत्रिणीला बरोबर घेऊन. तिनेही तिथलं सागरेश्वर पाहिलेलं नाही.