पाटीवरचे आडनाव

पाठ्यपुस्तकातले बाबासाहेब सत्याग्रह करतात, परिषदांना जातात. धंद्याची पाटी लावताना दिसत नाहीत. वास्तविक 1917 मध्ये बडोद्याची नोकरी सोडून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला सल्लागार! जात कळली तसे ग्राहक आटले आणि पेढी मिटली. 1918 च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

हा प्रसंग आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो, कारण आपली बरीच मुले पुढे बोईसरच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हजेरीपटावर जातात. एक माजी विद्यार्थी मात्र डायमेकिंगकडे वळला. चिंचणी-तारापूरकडचा हा घरगुती धंदा: धातूच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची, त्या साच्यातून दागिना उठतो. हात बसायला काही वर्षे गेली. मग पडवीत टेबल मांडायचे ठरले, तर एका व्यापाऱ्याने आडनाव दोनदा विचारून उधारी नाकारली. 2016 च्या ‘स्टँड अप इंडिया’त कर्ज 10 लाखांपासून पुढे; याची गरज दोन लाखांची! अखेर आईच्या बचत गटाने निम्मे पैसे उभे केले.

पाटीवर नुसती आद्याक्षरे लिहावीत, असे हितचिंतकांनी सुचवले. आम्हांला ते रुचले नाही. पण जोखीम त्याची होती, म्हणून आम्ही गप्प राहिलो. त्याने पूर्ण आडनाव रंगवून घेतले. गेल्या लग्नसराईत पडवीत दुसरे टेबल लागले. त्यावर आपल्याच वसतिगृहातला मुलगा बसतो. त्याची छिन्नी अजून घसरते.