वेंगुर्ल्याचे रायवळ

मे महिन्यात वेंगुर्ल्याला गेलात, तर मैत्रिणींनो, नुसत्या हापूसच्या पेट्या बांधून परतू नका. हापूस कलमाचा, बागेतली सारी झाडं एकाच वाणाची. रायवळ कोयीतून उगवतो, म्हणून झाडागणिक चव निराळी. एकाचा रस मधासारखा, तर शेजारच्याचा दात आंबवणारा! सासवाला कुठल्या झाडाचे आंबे, साठांना कुठला रस, हे तिथल्या बायकांना तोंडपाठ. हापूसमध्ये साका निघाला की जीव कसा हळहळतो! म्हणून इथल्याच फळ संशोधन केंद्रानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका नसलेला ‘रत्ना’ काढला. १९८१ साली तो बागायतदारांना मिळाला. निरनिराळे वाण हाताशी होते, म्हणूनच ना हे जमलं? रायवळ मात्र लाकडासाठी तुटतात. झाड गेलं, की कोय रुजवूनही तीच चव येत नाही. आवडत्या झाडाचं कलम तेवढं वेळेवर बांधून घ्यावं लागतं.