पत्र्याची होडी

वसईच्या पाचूबंदरावर आमची एक लाकडी होडी होती. पावसाळ्याच्या तोंडावर ती वर ओढून घेतली की वडील हातोडीच्या दांड्याने तिच्या फळ्यांवर टकटक करीत फिरत. नुसत्या आवाजावरून त्यांना कुजलेली फळी ओळखू येई. मग सांध्यांत कापूस ठोकायचा, त्यावर राळ आणि शेवटी मुशीच्या तेलाचा हात. त्या तेलाचा दर्प माझ्या शाळेच्या गणवेशालाही चिकटे. वडिलांच्या पश्चात होडी विकावी लागली. होड्यांतले आपल्याला कळते, हा समज मात्र मी जवळ ठेवला.

शिक्षकाच्या नोकरीने मला यवतमाळ जिल्ह्यातील कळंबला आणले आणि निवृत्तीनंतरही मी तेथेच राहिलो. चक्रावतीकाठच्या, चिंतामणीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात होडीची आठवण काढणारा मी एकटाच, असे वाटे. परंतु शेजारच्या बाभूळगाव तालुक्यात बेंबळा धरण झाले आणि भोई समाजातील माझे एक स्नेही तेथे जाळी टाकू लागले. अशातच एका भंगाराच्या ढिगात मला ॲल्युमिनियमची बाराफुटी जुनी होडी दिसली. खाली तिची दोनचाकी गाडी, चाके गंजून घट्ट झालेली. वजनाच्या भावाने मी दोन्ही घेतली.

अशा होड्यांचे कूळ विमानांचे आहे. अमेरिकेतील ग्रुमन ही लढाऊ विमाने बांधणारी कंपनी १९४५ पासून पत्रे रिबिटांनी जोडून होड्या बनवू लागली. ही माहिती मी मित्रांना मोठ्या ऐटीत सांगत असे. होडीच्या बुडाशी कुणीतरी लोखंडी बोल्ट मारले होते, त्यांच्याभोवती पांढरी भुकटी जमली होती. मी ती पुसली, लांबी भरली, वर निळा रंग दिला आणि होडी स्नेह्यांच्या हवाली केली.

पहिल्याच मोसमात, मुलगा बरोबर असताना, भर पाण्यात बोल्टाभोवतीचा पत्रा सुटला. दोघेही पोहून काठाला आले. जाळे गेले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी बुडालेली होडी ओढून आणल्यावर एवढेच म्हणाले, “लाकूड बोलते जी सर, पत्रा बोलत नाही.”

पत्रा बोलला होता. ती पांढरी भुकटी हेच त्याचे बोलणे होते. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून ओलीत राहिले की त्यांची बॅटरीच तयार होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. मी त्या जखमेवर रंग फासला होता.

पुन्हा काम सुरू केले ते नव्याने शिकत. गॅसने सांधणे गावात शक्य नव्हते. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळते, त्यावरील साय मात्र दोन हजार अंशांपर्यंत दाद देत नाही; ज्योत जरा रेंगाळली की पत्राच ढासळतो. अखेर पातेल्यांना कान बसवणारा एक कारागीर मदतीला आला. आम्ही होडी गाडीवरच पाण्याने भरली आणि बाहेरून जिथे थेंब दिसला तिथे खडूने खूण केली. एकोणीस खुणा झाल्या! तो आतून ठोकी आणि मी बाहेरून रिबिटाच्या डोक्याला लोखंडी ठोकळा दाबून धरी. बोल्ट सारे काढले, ठिगळ ॲल्युमिनियमचेच लावले.

गाडीचे गुपित ट्रॅक्टरच्या मिस्त्रीने सांगितले. वाटेत तापलेली चाके तशीच पाण्यात उतरवली की तुंब्यातील हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते; ग्रीस दुधासारखे पांढरे होते, बेअरिंग गंजते. म्हणून काठावर आधी अर्धा तास थांबायचे. मला ही विश्रांती फार आवडते. चहा होतो.

नव्या खेपेला स्नेही एकटेच निघाले. मुलाला त्यांनी माझ्याजवळ ठेवले. मी जाळ्याचे पैसे देऊ केले होते, ते त्यांनी घेतले होते. पण अजून काही फिटायचे होते, हे मला ठाऊक होते. तासाभराने ते परतले, होडीत वाकले, ठिगळावरून आणि रिबिटांच्या ओळीवरून तळहात फिरवला, मग हात उलटा करून पाहिला. कोरडा होता. त्यांनी मान वर केली आणि मुलाला हाक मारली, “ये, बस.”