कैचीची तुळई

आमच्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाची तीन वर्षे होती आणि ईशज्ञानाची चार. अ‍ॅरिस्टॉटलच्या चार कारणांपैकी उपादान कारण म्हणजे घराचे लाकूड, हे आम्ही परीक्षेत लिहिले आणि त्याचे गुणही मिळवले. ते लाकूड घरात कुठे ताणले जाते आणि कुठे दाबले जाते, हे मात्र कोणी शिकवले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. गुरुदीक्षा झाल्यावर आयुष्यभर ज्या कागदांवर सह्या कराव्या लागल्या, त्यांतले निम्मे इमारतींचे निघाले. चर्च, शाळा, पाण्याची टाकी, दफनभूमीची भिंत, कॉन्व्हेंटचे गळके छप्पर. धर्मगुरू हा अर्धा मेंढपाळ आणि अर्धा घरमालक असतो, हे गुपित सेमिनरीच्या दारात कोणी सांगत नाही.

२००९ साली आमची नेमणूक झाली त्या धर्मग्रामातील चर्च जुने आणि कौलारू होते. विटाचुन्याच्या जाड भिंती, त्यांवर सागवानी कैच्या. शताब्दीची तयारी चालली होती, आणि एका सधन कुटुंबाने वेदीमागे भव्य क्रूसमूर्ती उभारून देण्याची इच्छा व्यक्त केली. मूर्ती उत्तम झाली. परंतु माळ्यावरील गायकवृंदाच्या जागेवरून पाहिले असता वेदीजवळच्या दोन कैच्यांच्या आडव्या तुळया नेमक्या प्रभूच्या मुखासमोर येत. त्या तुळया काढून टाकाव्यात, असे पॅरिश कौन्सिलात ठरले. ठेकेदाराने हमी दिली, "काही होत नाही, फादर. वर वासे आहेत, आढे आहे, भिंती दीड हात जाड आहेत." आम्ही सही केली. तुळया कापल्या गेल्या, आणि सणाच्या दिवशी क्रूसाचे मुक्त दर्शन झाले म्हणून सर्वांनी आमचे कौतुक केले. आम्ही ते स्वीकारलेही.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वयोवृद्ध सुतारकाका वेदीपाशी वर पाहत उभे राहिले. क्रूसापुढे त्यांची प्रार्थना चालली आहे असे समजून आम्ही शांतपणे सॅक्रिस्टीकडे वळलो. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "फादर, कोणाला तरी ओळंबा आणायला सांगा."

ओळंबा सोडला. भिंतीचा माथा जवळजवळ दोन इंच बाहेर गेला होता. खिडकीवर बोट जाईल एवढी चीर पडली होती, आणि ती रंगाचा पोपडा असावा असे समजून आम्ही महिनाभर तिच्याकडे पाहत होतो. त्याच भिंतीला टेकून दर रविवारी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग बसत असे.

सुतारकाका रागावले नाहीत. त्यांनी दोन वेदीसेवक मुलांना जवळ बोलावले, समोरासमोर उभे केले, तळव्याला तळवा लावायला सांगितले आणि पाय मागे घेत एकमेकांवर कलायला लावले. गुळगुळीत फरशीवर दोघांचेही पाय मागच्या मागे सरकू लागले. मग त्यांनी आमचा आल्बवरचा कमरदोर मागून घेतला, एकाचा घोटा दुसऱ्याच्या घोट्याला बांधला आणि पुन्हा कलायला सांगितले. मुले हसत हसत उभी राहिली. दोर मात्र ताठ झाला. "हे दोघे म्हणजे वासे," काका म्हणाले, "आणि हा दोर म्हणजे तुम्ही कापलीत ती तुळई. ती भार उचलत नाही, फादर. ती धरून ठेवते."

सात वर्षांच्या अभ्यासात जे आले नाही ते पाच मिनिटांत आले. चर्च पाच आठवडे बंद राहिले. टेकू लावले, अभियंत्याला पाचारण केले, तुळयांच्या जागी पिळाच्या लोखंडी सळ्या बसवल्या. मिस्सा शाळेच्या सभागृहात झाल्या. कोणाला इजा झाली नाही, ही परमेश्वराची कृपा. आम्हाला कोणी दोषही दिला नाही. "फादरांना त्यातले काय कळणार?" असे लोक आपुलकीने म्हणत, आणि ती आपुलकीच आम्हाला अधिक झोंबली. अज्ञानाची अशी सरसकट माफी आपल्या समाजात धर्मगुरूला मिळते, कलाशाखेच्या पदवीधराला मिळते, वकिलाला आणि शिक्षकालाही मिळते. 'आपल्याला बाबा त्या यंत्रातले काही समजत नाही' हे वाक्य तर सुशिक्षित मंडळी काहीशा अभिमानाने उच्चारतात. 'मला वाचता येत नाही' असे मात्र कोणी अभिमानाने सांगत नाही.

काही वर्षांनी आमची भाची अमेरिकेतून सुटीवर आली. ती तिकडे इतिहास शिकत होती. ही हकिगत ऐकून तिने आमच्यासाठी एक पुस्तक ठेवले: डेव्हिड बिलिंग्टन यांचे 'द टॉवर अँड द ब्रिज'. ते १९८३ साली प्रसिद्ध झालेले. बिलिंग्टन हे प्रिन्स्टन विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. २०१८ साली ते निवर्तले. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ते संरचनाशास्त्र शिकवीत, तेव्हा ती मुले कंटाळून जात. फळ्यावरच्या रुक्ष आकृत्या पाहून त्यांनी एकदा सरांपुढे रोबेर माइयार या स्विस अभियंत्याच्या पुलांची छायाचित्रे ठेवली आणि असे काही आम्हाला का शिकवत नाही, असे विचारले. सरांनाही त्याविषयी फारसे ठाऊक नव्हते. तेव्हा गुरू स्वतः विद्यार्थी झाला. त्यातून १९७४ साली एक अभ्यासक्रम उभा राहिला. त्याला अभियांत्रिकीची मुले येत तशीच इतिहास, साहित्य आणि राज्यशास्त्राचीही येत.

त्या शिकवण्याची रीत आम्हाला फार भावली. इतर मुलांसाठी म्हणून त्यांनी गणित गाळले नाही, आणि भीतिदायकही केले नाही. आयफेल मनोऱ्याचेच पाहा. १८८९ साली उभा राहिलेला हा मनोरा मुळात ३०० मीटर उंच होता. वारा सर्व उंचीवर सारखा लागतो असे धरले, तर त्याचा एकूण जोर मध्यावर, १५० मीटरवर, लागल्यासारखा मानता येतो. खालचे पाय सुमारे १०० मीटर अंतरावर. १५० ला १०० ने भागा: वाऱ्याचा जेवढा जोर त्याच्या दीडपट भार एका बाजूच्या पायांवर अधिक येतो आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच हलका होतो. पाय जवळ आणले तर हा आकडा वाढतो. मनोरा खाली एवढा फाकलेला का, याचे उत्तर पाचवीच्या भागाकारात आहे. बिलिंग्टन प्रत्येक बांधकामाला तीन प्रश्न विचारीत: सामग्री किती कमी लागली, पैसा किती कमी लागला, आणि एवढी काटकसर करूनही ते देखणे झाले का? माइयार यांचा साल्गिनाटोबेल येथील पूल १९३० साली पुरा झाला. नव्वद मीटरची एकच कमान दरीवर टेकलेली. स्पर्धेतील आराखड्यांत तो स्वस्त होता म्हणून निवडला गेला, आणि आज त्याचे सौंदर्य पाहायला लोक डोंगर चढून जातात.

हा सगळा व्याप धर्मगुरूने कशाला करावा, असे एका ज्येष्ठ बंधूंनी आम्हाला विचारले. त्यांना आम्ही रोमच्या संत पेत्राच्या घुमटाची आठवण करून दिली. घुमटाला चिरा पडल्या, तेव्हा १७४२ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी तीन गणितज्ञांना पाचारण केले. त्यांपैकी रूजर बॉस्कोविच हे येशूसंघीय, आणि इतर दोघेही संन्यस्तच. पुढे पादुआचे जोव्हानी पोलेनी यांनी एका दोरीला घुमटाच्या भागांच्या वजनाच्या प्रमाणात मणी ओवून ती टांगली, आणि तिचा झोल उलटा करून घुमटाच्या जाडीत बसतो की नाही ते पाहिले. तो बसला. घुमट कोसळणार नव्हता, परंतु पायथ्याशी बाहेर रेटत होता. म्हणून त्याला लोखंडी कडी घालण्यात आली. आमच्या सळ्या आणि ती कडी यांचे काम एकच. फरक एवढाच, की पोप महोदयांनी आधी विचारले आणि आम्ही नंतर. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाविषयी संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू बोलतात. त्यावर आम्ही किमान दहा प्रवचने केली असतील.

२०१९ सालच्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही धर्मग्रामातील कला आणि वाणिज्य शाखेच्या चौदा मुलामुलींना जमवले. अभियांत्रिकीला जाणारे कोणी घेतले नाही; त्यांची सोय इतरत्र आहे. तत्पूर्वी पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम पाहून आलो होतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. आठवी ते दहावीची खेड्यातील मुले तिथे वेल्डिंग, शेती, वीज, घरकाम असे सारेच हाताने करून शिकत आली, तेही गावाला खरोखर हवे असलेले काम करून. खोटा प्रश्न दिला की मुले खोटेच उत्तर देतात, ही खूणगाठ आम्ही तिथून बांधून आणली.

पहिल्या आठवड्यात घोट्यांना दोर बांधणे झाले. दोन खिळ्यांना जपमाळ टांगून तिचा झोल कागदावर उतरवून घेतला आणि कागद उलटा धरून कमान पाहिली. मग आमच्या कापलेल्या कैचीचा हिशेब मुलांपुढे ठेवला. रुंदी ९ मीटर, उंची ३ मीटर, दोन कैच्यांत ३ मीटर अंतर. कौले, रीप आणि लाकूड धरून चौरस मीटरला १०० किलो. एका कैचीवर २,७०० किलो भार झाला. तुळई नसेल तर भिंतीच्या माथ्याला बाहेर ढकलणारा जोर निघाला जवळजवळ १,००० किलो. बारावी वाणिज्यची एक मुलगी आकडा पाहून म्हणाली, "फादर, म्हणजे भिंतीला एक गाडी सतत रेटत होती." मुलांना हसू आले. आम्हाला आले नाही.

नंतर खरा प्रश्न दिला. चर्चच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, एकूण उंची ४५ सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीवरील माणसांना चौघे उचलून आत नेत. उतरण बांधायची होती. बारास एक असा चढ धरला, तर लांबी हवी ५ मीटर ४० सेंटिमीटर, आणि अंगणातला क्रूस दारापासून ४ मीटरवर. क्रूस हलवावा, असे दोघांनी सुचवले. उरलेल्या बारा जणांनी त्यांना गप्प केले. अखेर उतरणीला वळण दिले आणि विटा-फळ्या मांडून तिचा नमुना अंगणात उभा केला. एका मुलाने आपल्या आजीला खुर्चीतून आणले. वळणावर ९० सेंटिमीटर जागा ठेवली होती, खुर्ची तिथेच अडकली. ती जागा दीड मीटर करावी लागली. आजी खुर्चीतूनच म्हणाली, "खुर्ची तू ढकलशील रे बाळा. पण मला चालत जावेसे वाटले तर मी धरू कशाला?" चौदा जणांच्या कागदांत कठडा कुठेच नव्हता. आमच्याही नव्हता.

कठड्याने खर्च वाढला, तेव्हा त्याच वाणिज्यच्या मुलीने ग्रॅनाइट काढून खडबडीत शहाबादी फरशी घातली. ती स्वस्तही पडली आणि पावसात पाय न घसरणारीही. उतरणीची भिंत ठेंगणी ठेवली, म्हणजे दर्शनी भागाचा जुना चौथरा झाकला जाऊ नये. अभियंत्याने आराखडा तपासला, गवंड्याने काम केले. आजी सुरुवातीला काही रविवार खुर्चीतून आल्या आणि मग कठडा धरून.

आम्ही आता दुसऱ्या धर्मग्रामात आहोत. वाणिज्यची ती मुलगी लग्न होऊन योगायोगाने इथेच आली आणि पॅरिश कौन्सिलात निवडून आली. गेल्या बैठकीत चर्चच्या छपरावर सौर पॅनल बसवण्याचा विषय निघाला. वीजबिल वाचेल, देणगीदारही तयार आहेत, सर्वांनी माना डोलावल्या. तिने विचारले, "प्रत्येक कैचीवर वजन किती वाढणार? आणि वारा खालून शिरला तर पॅनल वर उचलले जाणार नाहीत ना?" पुरवठादार हसून म्हणाला, "काही होत नाही, ताई." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. हिशेब मागवला आहे. कागद आमच्या टेबलावर पडून आहे, सही अजून व्हायची आहे.