सहा अंकांचा खेळ

गणिताचें नांव काढतांच पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. गणित कठीण आहे हें याचें कारण नसून, त्यांत एकच उत्तर बरोबर व बाकीचीं सारीं चूक, ही धास्ती याच्या मुळाशीं आहे, असें आमचें नम्र मत आहे. ज्यास तें उत्तर सांपडत नाहीं तो खिन्न होऊन बसतो; ज्यास सांपडतें तो वही मिटून विचार करणेंच सोडतो. या दोघांच्याही उपयोगी पडेल असा एक साधा खेळ आम्ही दर शनिवारीं वसतिगृहांतील पांचवीच्या मुलांबरोबर खेळतों. त्याची हकीकत वाचकांस सादर करितों.

१ ते ६ हे अंक एकेकदांच वापरून तीन अंकी दोन संख्या कराव्या, व त्यांची बेरीज होतां होईल तितकी मोठी आणावी, हा पहिला प्रश्न. एकानें ६४२ व ५३१ मांडून ११७३ ही बेरीज काढली. दुसऱ्यानें ६३१ व ५४२ मांडून तीच काढली. लगेच तंटा माजला, खरें उत्तर कोणाचें? दोघांचेंही खरें! शोधतां शोधतां ६४१ व ५३२, ६३२ व ५४१ याही जोड्या निघाल्या. पांचवी मात्र निघेना. शतकस्थानीं ६ व ५, दशकस्थानीं ४ व ३, एककस्थानीं २ व १ यांवांचून गत्यंतर नाहीं, हें त्यांचें त्यांनींच ओळखलें. स्थानिक किंमत म्हणजे काय, हें आम्हांस वेगळें सांगावें लागलें नाहीं.

दुसरा प्रश्न वजाबाकी लहानांत लहान आणण्याचा. हुशार म्हणून नांवाजलेल्या मुलानें ६१२ मधून ५४३ वजा करून ६९ काढले, व आतां प्रश्न संपला असें सर्वांस वाटलें. तेव्हां वर्गांत सहसा तोंड न उघडणाऱ्या एका मुलानें भीत भीत वही पुढें केली. तींत खोडून खोडून केलेल्या वजाबाक्यांची रांग होती, आणि शेवटीं ४१२ उणे ३६५, बाकी ४७! ज्या खाडाखोडीबद्दल त्यास एरवीं बोलणीं खावीं लागत, तीच त्या दिवशीं त्याच्या कामीं आली.

पण ४७ हून लहान बाकी नाहींच कशावरून? शतकस्थानचे अंक लागोपाठचे हवेत. तशा जोड्या पांच. प्रत्येकींत मोठ्या संख्येस उरलेले लहान अंक व लहान संख्येस मोठे अंक द्यावे. २ व १ घेतल्यास बाकी ६९, ३ व २ घेतल्यास ४९, ४ व ३ घेतल्यास ४७, पुढें पुन्हां ४९ व ६९. शंका फिटली.

अंकांशीं खेळणें हा पोरखेळ, असें कोणी म्हणेल. त्यांनीं देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचें स्मरण करावें. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र चारही अंक सारखे नसावे. अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी, बाकीवर पुन्हां तेंच करावें. सात खेपांच्या आंत ६१७४ हीच संख्या हातीं येते. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२ व मग ६१७४. कापरेकरांनीं हा शोध १९४९ सालीं मद्रास येथील गणित परिषदेंत मांडला, आणि आज ती संख्या त्यांच्याच नांवानें जगभर ओळखली जाते.

तो अबोल मुलगा हल्लीं स्वतःच नवे प्रश्न आणतो. त्याचा ताजा प्रश्न असा: बेरजेच्या त्या चारही जोड्यांची बेरीज सारखी, मग गुणाकार सारखे कां नाहींत? सर्वांत मोठा गुणाकार कोणत्या जोडीचा, व कां? वाचकहो, कागद घ्या व करून पाहा.